समुद्र नाही, तरी चौपाटी आहे!

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या धगधगत्या भट्ट्या, उंच धुरांडी आणि रेल्वेचे लांबच लांब रूळ. अशा गावात कुणी पाण्याकाठी फिरायला जात असेल, हे बाहेरच्या माणसाच्या मनातही येत नाही. पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मरोदा भागाकडे जाणारा रस्ता पाहावा! स्कूटरवर पुढे एक मूल, मागे एक, आईच्या मांडीवर खाऊची पिशवी आणि सगळ्यांची दिशा एकच – मैत्री बाग.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही दिवसभराचा शीण उतरवायला माणसाला पाण्याचा काठ लागतोच. मुंबईकरांना तो आयता मिळाला. भिलाई-रायपूरच्या लोकांनी तो तळ्यांच्या आणि धरणांच्या काठी शोधला, सजवला. हा किनारा कसा घडला आणि त्यात कुणाला जागा मिळाली, कुणाची गेली, हे पाहण्यासाठी छत्तीसगडची ही सहल एकदा तरी करायला हवी.

मैत्रीचं तळं

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि दुर्गजवळच्या भाताच्या शेतांमध्ये पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कामासाठी देशभरातून माणसं आली. बंगाली, बिहारी, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि अर्थातच नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबंही. म्हणूनच भिलाईला लोक कौतुकाने ‘मिनी इंडिया’ म्हणतात.

सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते झाले, दुतर्फा झाडं लागली, शाळा आणि इस्पितळं आली. राहिली होती ती चार घटका निवांत बसायची जागा. १९७२ मध्ये कारखान्याने मैत्री बाग उभारली तेव्हा ती उणीव भरून निघाली. दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून हे नाव. बाग, प्राणिसंग्रहालय, नावा सोडायला तळं, मुलांसाठी छोटी आगगाडी आणि संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं, असा सगळा थाट. १९९७ मध्ये ओरिसातल्या नंदनकाननहून पांढऱ्या वाघांची जोडी आली आणि बागेचं नाव दूरवर गेलं. पुढे इथे जन्मलेले वाघ इतर राज्यांतल्या प्राणिसंग्रहालयांतही धाडले गेले.

भिलाईच्या कितीतरी घरांतल्या अल्बममध्ये या तळ्याकाठचा एक फोटो सापडतोच. आजोबा तरुण, आजी नव्या साडीत, मागे नाव. तोच फोटो आता नातवंडं मोबाइलवर काढतात.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही बाग कारखान्याने आपल्या कामगारांसाठी वाढवली. कारखान्यातली माणसं वर्षानुवर्षं कमी होत गेली, निवृत्त झालेले सेक्टर सोडून गेले. बागेतली गर्दी मात्र उलट पसरली. राजनांदगाव, बालोद, बेमेतरा, कुठकुठून लोक येतात. एका कारखान्याच्या पैशावर साऱ्या मुलुखाचा किनारा किती काळ सांभाळला जाईल? भिलाईकरांच्या मनातला हा प्रश्न रास्त आहे.

सहा अधिक सहा कोडी

भिलाईत आणखीही काठ आहेत, तिकीट नसलेले. सेक्टर दोनचं तळं त्यांपैकीच एक. एरवी तिथे कुणी पर्यटक फिरकणार नाही. पण दिवाळीनंतरच्या षष्ठीला, छटपूजेच्या संध्याकाळी, हाच काठ माणसांनी फुलून जातो. उसाची खोपटी, सुपात फळं आणि ठेकुआ, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्या स्त्रिया. पहाटे पुन्हा उगवत्या सूर्यासाठी तीच गर्दी. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांनी हा सण आणला, आता तो गावाचाच झाला आहे. सणाआधी पायऱ्या घासल्या जातात, पाण्यातली घाण काढली जाते, दिवे लागतात. काठाची गरज असली की काठ स्वच्छ होतो, हे इथे डोळ्यांना दिसतं.

छत्तीसगडला हे नवं नाही. तळं हाच इथल्या गावाचा जीव. अंघोळ, धुणं, गुरांचं पाणी, लग्नातले विधी आणि दहाव्याचं स्नानसुद्धा तळ्यावरच. या रोजच्या वापराला इथे ‘निस्तार’ म्हणतात. दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा गावाबद्दल एक म्हण आहे, ‘छै आगर छै कोरी’. कोरी म्हणजे आपली कोडी, म्हणजे वीस. सहा कोड्या आणि वर सहा, अशी १२६ तळी या एका गावात होती असं सांगतात. रतनपूरबद्दलही हेच बोललं जातं.

शहरं वाढली तशी तळी आटली, बुजवली गेली. रायपूरच्या रजबंधा मैदानावर उभं राहिलं तर इथे कधी पाणी होतं यावर विश्वास बसत नाही. नावातला ‘बंधा’ तेवढा उरला!

रायपूरचं ‘मरीन ड्राइव्ह’

भिलाईहून तीसेक किलोमीटरवर रायपूर. मुंबई-कोलकाता हा जुना हमरस्ता, ज्याला इथे सगळे ‘जीई रोड’ म्हणतात, तोच भिलाईतून निघून रायपूरच्या तेलीबांधा तलावाला खेटून जातो. एके काळी या तलावाभोवती झोपड्या होत्या, सांडपाणी थेट पाण्यात येत होतं आणि जलपर्णी माजली होती. नाक दाबूनच पुढे जायचं, अशी अवस्था.

२०१० नंतरच्या काही वर्षांत महापालिकेने तलावाचं रूप पालटलं. गाळ काढला, काठ बांधून काढले, फिरायला रस्ता, बाकं, दिवे. आज लोक त्याला हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. २०१६ मध्ये इथे ८२ मीटर उंच खांबावर तिरंगा फडकला आणि गर्दी आणखी वाढली. पहाटे चालायला येणारे निवृत्त लोक, दुपारी झाडाखाली कॉलेजची मुलं आणि संध्याकाळी सहकुटुंब सहपरिवार!

पण तेलीबांध्याची सगळ्यांत मोलाची गोष्ट दिव्यांच्या झगमगाटात लपून जाते. काठावरच्या झोपड्या हटवल्या, तेव्हा तिथल्या शेकडो कुटुंबांना गावाबाहेर फेकून दिलं गेलं नाही. शहरी गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून तलावालगतच त्यांना पक्की घरं मिळाली. जिथे धुणीभांडी करायला जायचं ती घरं जवळ राहिली, मुलांची शाळा सुटली नाही. जिच्या दारातलं पाणी शहराने मागून घेतलं, त्या बाईला त्या पाण्याकाठी फिरायचा हक्क उरला. आपल्याकडे किती ठिकाणी असं घडतं?

शहरातलं दुसरं मोठं तळं म्हणजे बूढा तलाव, म्हणजेच विवेकानंद सरोवर. मधल्या बेटावर स्वामी विवेकानंदांचा ३७ फूट उंच बैठा पुतळा आहे. १८७७ ते १८७९ या काळात लहानगा नरेंद्र वडिलांबरोबर रायपुरात राहिला होता, त्याची ही आठवण.

वाळूखालची गावं

आणि खरीखुरी वाळू हवी असेल तर? मग गंगरेलला जायला हवं. धमतरीजवळ महानदीवर बांधलेलं हे धरण, कागदोपत्री रविशंकर सागर, रायपूरहून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. चौदा दरवाजे, समोर क्षितिजापर्यंत पाणी. काठावर वाळू पसरून चौपाटी केली आहे. मोटरबोटी, पाण्यावरचे खेळ आणि राहायला लाकडी खोल्या आहेत. भिलाईचे लोक याला ‘मिनी गोवा’ म्हणतात. मुलं वाळूत किल्ले करतात, आया चपला हातात घेऊन पाण्यात पाय बुडवतात. समुद्र न पाहिलेल्या मुलाला हाच समुद्र.

या पाण्याशी भिलाईचं नातं जुनं आहे. १९७० च्या दशकात हे धरण झालं ते शेतीसाठी आणि भिलाईच्या कारखान्यासाठीही. तांदुला आणि इतर तलावांबरोबर गंगरेलचं पाणी कालव्याने भिलाईपर्यंत येतं. म्हणजे सहलीला आलेलं कुटुंब ज्या पाण्यात खेळतं, तेच त्यांच्या गावाची भट्टीही थंड करतं.

पण या पाण्याखाली ५२ गावं गेली, असं विस्थापित सांगतात. शेतं, घरं, देवळं सगळं बुडालं. पुनर्वसनाचं गाऱ्हाणं घेऊन ही माणसं वर्षानुवर्षं फिरली, थेट उच्च न्यायालयापर्यंत गेली.

धरणाच्या काठावर अंगारमोती देवीचं ठाणं आहे. तिचं मूळ गाव बुडालं, म्हणून देवीला इथे आणून बसवलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी इथे मडई भरते. दूरदूरहून आदिवासी येतात, आसपासच्या गावांचे देव डांगांसह येतात, ढोल वाजतात. मूल व्हावं म्हणून नवस करणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने येतात. एका बाजूला बोटींचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला गावं गमावलेल्या माणसांची जत्रा! चौपाटी पाहायला आलेल्यांनी ही चार पावलं अधिक चालावीत. मग समोरचं पाणी वेगळं दिसू लागतं.

काठ कुणाचा?

मुंबईचं वर्सोवा आठवून पाहा. तिथे प्लॅस्टिकचे ढीग साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो रहिवासी, कोळी बांधव, शाळकरी मुलं त्यात उतरली आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. तरीही दर पावसाळ्यात समुद्र नवा कचरा आणून टाकतोच, त्यामुळे हे काम संपत नाही.

छत्तीसगडचे काठही हेच सांगतात. दिवे, कारंजी, बाकं पैशाने येतात. पण दहा वर्षांनीही तो काठ जिवंत राहायचा असेल तर तिथे आधीपासून असलेल्या माणसाला त्यात वाटा हवा. सेक्टर दोनच्या तळ्यात उतरणाऱ्या बाईला तो आहे. तेलीबांध्याच्या झोपडीतल्या कुटुंबाला तो मिळाला. गंगरेलच्या बुडित गावांतला माणूस मात्र अजून तो मागतोच आहे. त्याच्या नातवाला बोट चालवायचं काम, टपरीची जागा मिळाली, तर त्या वाळूवर त्याचंही पाऊल उमटेल.

कसे जाल?

मुंबई-हावडा मार्गावरचं दुर्ग हे मोठं स्टेशन. पुण्याहून निघणारी आझाद हिंद एक्स्प्रेस दुर्ग आणि रायपूरला थांबते. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोहोचता येतं. विमानाने यायचं तर रायपूर गाठावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. उन्हाळ्यात इथलं ऊन विदर्भाच्या उन्हाला हार जात नाही! मैत्री बागेच्या आणि बोटींच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, लहान मुलांना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत बसवू नये.

खायला रायपुरात महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातलं ‘गढकलेवा’ गाठावं. तांदळाच्या पिठाचा उकडलेला फरा, आपल्या घावनाची बहीण शोभेल असा चिला, ठेठरी आणि गोड खुरमी. आणि हो, खाऊन झालं की कागद, द्रोण कचऱ्याच्या डब्यातच टाका. तळ्याकाठी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला कुणीतरी येणार असतं.