शेवगावचा श

शेवगाव आणि अकोले. नगर जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांतली ही दोन नावे फोनच्या पडद्यावर नीट न्याहाळून पाहावीत. पहिलीच्या पाटीवर ज्या वळणाचे श आणि ल गिरवले, पुढे लग्नपत्रिकेत आणि पारायणाच्या पोथीत जे भेटले, तेच इथे दिसतील याची खात्री नाही. मराठीचा श देठाचा आणि ल पाकळ्यांचा. हिंदीचा श गाठीचा आणि ल दंडाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरवली, पण युनिकोडमध्ये श ला क्रमांक एकच आहे आणि ल लाही एकच. वळण कोणते दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही वळणे असतात, मात्र मराठी वळण बाहेर यायला मजकूर मराठी आहे हे फोनला कळावे लागते. फोनची भाषा इंग्रजी ठेवलेली असली, आणि पुष्कळांची तशीच असते, की मुकाट्याने हिंदी वळण उमटते. म्हणून फोनवर आपल्या पसंतीचा फॉन्ट बसवणाऱ्याला हौशी म्हणून हसण्याआधी थोडे थांबावे. त्याला कदाचित पाटीवरचा श परत हवा असेल.

हा परत आणलेला श टिकत मात्र नाही. अपडेट येते, फोन बंद होऊन चालू होतो, फॉन्ट चालत नसल्याची सूचना झळकते आणि अक्षरे मूळपदावर जातात. कारण साधे आहे. प्रणालीचा गाभा कुलूपबंद असतो. बाहेरचा फॉन्ट त्यात शिरतो तो कंपनीने ठेवलेल्या दारातून, नाहीतर फटीतून. अपडेट गाभाच बदलते, त्यात फट बुजते आणि कधीकधी दारही.

बाहेरच्या फॉन्टला मोकळीक द्यावी म्हटले की सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. २०११ साली उघडकीला आलेल्या डुकू या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने विंडोजमधल्या फॉन्ट वाचणाऱ्या भागातली चूकच वापरली होती. वर्डच्या फाइलमधला एक फॉन्ट तिथे चोरवाट झाला. फॉन्ट हा नुसता चित्रांचा संच नाही, तो यंत्राला दिलेल्या सूचनांचाही संच असतो. पण मग इंटरनेटवरच्या पानांचे काय? ती पाने आपापले फॉन्ट घेऊनच येतात आणि ब्राउझर ते आधी तपासून, गाळून मग वापरतो. अनोळखी पानाचा फॉन्ट दिवसातून शंभरदा गाळून घेता येतो, तर मालकाने स्वतः निवडलेला एक का नाही? दार कायमचे लिंपून टाकणे सोपे पडते, एवढेच त्याचे उत्तर दिसते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. वाचकाला अक्षराचे वळण विचारले कोणी होते कधी? 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघाले, अमेरिकन मराठी मिशनचे. त्याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात अक्षरे पाडण्याचे काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर हा छापखाना उभा केला, आणि त्यांच्या टाइपाचे वळण हेच पिढ्यानपिढ्या छापील मराठीचे वळण झाले. वाचकाचे मत त्यात नव्हते, हे कबूल. पण विकत घेतलेली पोथी फडताळात पडल्यापडल्या आपले अक्षर बदलत नसे. नेवाशाच्या पारायणात आजोबांनी हाताळलेली ज्ञानेश्वरी नातवालाही त्याच वळणात मिळे. वळण ठरवण्याचा हक्क छापणाऱ्याकडे होता, विकल्यानंतर ते फिरवण्याचा नव्हता. हा दुसरा हक्क नवा आहे.

उलट बाजूही मांडायला हवी. हौसेच्या फॉन्टांतले कित्येक मराठीशी बेइमान असतात. इंग्रजी अक्षरे सजवायची आणि देवनागरी जेमतेम भरायची, असा त्यांचा खाक्या. परीक्षा घ्यायची तर अकोल्याच्या डोंगराकडे वळावे आणि 'दऱ्या' लिहून पाहावे. अर्धा र नीट बसला तर ठीक, नाहीतर हरिश्चंद्रगडाखालच्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, व्हायचा. शिवाय डीटीपीचा काळ आठवणाऱ्याला फॉन्टचे फार कौतुक करवत नाही. तेव्हा फॉन्ट गेला की मजकूरच जाई, फाइल उघडली की नुसती चित्रलिपी. युनिकोडने निदान शब्द वाचवले. आज अपडेटनंतरही शेवगाव हे शेवगावच वाचले जाते, हा उपकार लहान नाही. त्याच्याच बळावर पुढचे मागणे करता येते: शब्द जसा फॉन्टपासून सुटा झाला, तसा वाचकाचा फॉन्टही प्रणालीपासून सुटा ठेवावा, आणि तो काढायचाच असेल तर आधी विचारावे.

नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले. त्याआधी मागण्या झाल्या, विरोध झाला, मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, केंद्राची संमती लागली, ऑक्टोबरात अधिसूचना निघाली. मग रंगारी शिडी घेऊन पाट्यांपाशी गेले. शेवगावचा श बदलायला मात्र रात्रीचे वाय-फाय आणि निम्मे चार्जिंग पुरते.