पहिल्या पानावरची सूचना

वाचनाच्या बाबतीत आम्ही स्वतःला फार दक्ष समजतो. पंचांगातले संवत्सरफल असो वा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरांतली चिठ्ठी, छापील मजकूर आमच्या नजरेतून सुटत नाही, अशी आमची समजूत होती. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती खोटी ठरली.

आमचा नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुण्याहून इंदूरला येताना त्याने आपले व्हिडिओ गेमचे यंत्र बरोबर आणले होते. दिवस फराळात आणि फटाक्यांत जाई. रात्री जेवणे आटोपली की माडीवरच्या टीव्हीला यंत्र जोडून त्याचा खेळ सुरू होई. शेजारी निजलेल्यांना त्रास नको म्हणून खोलीतला दिवा आम्हीच मालवीत असू. "नाना, आता शेवटची एकच लेव्हल," असे तो म्हणे आणि सुटीच आहे म्हणून आम्ही मान डोलावीत असू. अशी ओळीने चार रात्री जागरणे झाली. भाऊबीजेच्या रात्री पडद्याला अगदी खेटून तो बसला होता. स्फोटांचे लाल-पांढरे लोळ भराभर उठत होते. एकाएकी त्याच्या हातातला कंट्रोलर गळून पडला, डोळे फिरले आणि हातपाय झटकू लागले. पोराला आकडी आली होती.

त्यानंतर आम्ही जे केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी दातांत चमचा घालू लागले, आम्ही त्याचे हात दाबून धरले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. घड्याळ पाहण्याचे भान कोणालाच नव्हते. आकडी आपोआप ओसरली. इस्पितळातल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र हाच होता : "किती मिनिटे?"

मेंदूचा विद्युत आलेख काढताना डोळ्यांसमोर एक दिवा निरनिराळ्या वेगांनी लुकलुकवतात. त्या लुकलुकीसरशी नातवाचा आलेख विस्कटला आणि निदान झाले : प्रकाशसंवेदी अपस्मार. खेळामुळे हा विकार जडत नाही. अंगात मुळातच असलेली प्रवृत्ती लखलखाटाने उघडी पडते. चार हजारांत सुमारे एकाला ती असते, पण शाळकरी वयात तिचे प्रमाण अधिक. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी लुकलुक विशेष घातक, त्यातही गडद लाल रंग वाईट. आणि झोप अपुरी असेल तर मेंदूचा बांध लवकर फुटतो.

ही गोष्ट नवी नव्हती. व्हिडिओ गेम खेळताना आलेल्या आकडीची नोंद १९८१ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या, मूळ व्हिडिओ गेमवरून निघालेल्या, चित्रमालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने चमकला आणि त्या एका संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतेक मुलेच, इस्पितळात न्यावे लागले.

घरी परतल्यावर आम्ही त्या यंत्राचे खोके उघडले. आत एक पुस्तिका होती, तिची घडीही मोडलेली नव्हती. पहिल्याच पानावर सूचना होती : खोलीत पुरेसा उजेड असू द्या, पडद्यापासून दूर बसा, दमलेले किंवा झोपाळलेले असाल तर खेळू नका, दर तासाला दहा-पंधरा मिनिटे विश्रांती घ्या. चारही गोष्टी आमच्या डोळ्यांदेखत मोडल्या गेल्या होत्या. दिवा तर आम्ही स्वहस्ते मालवला होता. खेळण्याचे पुस्तक वडीलधाऱ्यांनी काय वाचायचे, एवढाच आमचा अपराध; पण तो पोराला भोवला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी आता आमच्या घरात सर्वांना पाठ आहेत. आकडी आलेल्याला दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. डोक्याखाली मऊ काही सरकवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर तत्काळ इस्पितळ गाठावे. पडद्यावर लुकलुक सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतून लाल उजेड आत शिरतोच.

नातू आता कॉलेजात आहे. काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबल्या. खेळ आम्ही बंद करविला नाही. तो जपून खेळतो. गेल्या दिवाळीत रात्री माडीवरून खाली उतरताना आमचा हात सवयीने बटणाकडे गेला. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नाना, दिवा राहू द्या."

आम्ही हात मागे घेतला.