पटावरचं नाव

काळी मावसेच्या रात्री तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन आधी तांड्याच्या नायकाच्या दारी आणि मग घरोघर ‘मेरा’ म्हणत हिंडतात. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवरची ही दिवाळी. त्यानंतर चार-दोन दिवसांत ऊसतोडीला नेणारा मुकादमाचा ट्रक येतो. सोयाबीन निघालेलं असतं, मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झालेली असते, बरीचशी खर्चही झालेली असते. गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि पोरं असा संसार ट्रकात चढतो आणि चैत्रापर्यंत तांडा म्हाताऱ्यांचा होतो. 

मी १९९६ साली नोकरीला लागलो, तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा झाला. मास्तर म्हणून आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून सगळी हयात याच भागातल्या जिल्हा परिषद शाळांत गेली. शाळा माणसाला काय शिकवते यावर पुष्कळ प्रशिक्षणं घेतली आणि दिलीही. पण मला जे कळलं ते हजेरीपटातून कळलं.

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा झाला. पटावर अडतीस, समोर एकोणीस. बरेच दिवस न आलेल्यांची नावं कमी करायची, ही तेव्हाची सर्रास रीत. मीही लाल शाईनं ओळी मारल्या. चैत्रात माणसं परतली. दुसरीतली एक पोरगी येऊन आपल्या जुन्या जागी बसली. मी हजेरी घेऊ लागलो. तिच्या आधीचं नाव आलं, तिनं ‘हजर’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मी तिच्या नंतरचं नाव वाचलं. ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली नाही. पुढे कधीच आली नाही.

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर तेव्हा मूल्यशिक्षणाचा तक्ता होता. राष्ट्रभक्तीपासून सौजन्यशीलतेपर्यंत दहा मूल्यं, त्यात संवेदनशीलताही. परिपाठात आम्ही ती रोज घोकून घेत होतो. त्या पोरीला त्या सकाळी शाळेनं काय शिकवलं? आपण नसलो तरी कुणाचं काही अडत नाही, हे. आणि उरलेल्या पोरांनीही तेच पाहिलं. मोठेपणी ही पोरं ग्रामसभेत बसतात तेव्हा गैरहजर माणसाबद्दल कसं बोलतात, त्याची सुरुवात इथं होते असं मला मनापासून वाटतं.

शालेय पोषण आहाराचंही असंच. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि पुढे शाळेत खिचडी शिजू लागली. तांदूळ घरी जात होता तोवर जात कुणाला दिसत नव्हती. पोरं एका ओळीत जेवायला बसली तशी ती दिसली. माझ्या एका शाळेत गावातली काही पोरं एका कडेला आणि वस्तीतली दुसऱ्या कडेला, आपोआप. एका पोराला तर घरून डबा येऊ लागला, कारण शिजवणारी बाई कोण हे घरच्यांना खटकत होतं. मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पंगत पट क्रमांकाप्रमाणे बसवली. एक नंबरच्या शेजारी दोन, दोनच्या शेजारी तीन. ओळीच्या शेवटी मी आणि माझे सहकारी, आमची ताटं घेऊन. डबा दोन आठवडे आला. मग एक दिवस त्या पोरानं झाकण न उघडताच खिचडीसाठी ताट पुढं केलं. त्याच्या घरच्यांचं मन बदललं असा माझा दावा नाही. पण पंगत तशीच राहिली.

मास्तरच्या लेखणीची ताकद बघायची असेल तर आमच्याकडच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांना जन्मतारीख विचारा. कित्येकांची १ जून निघेल. बाळंतपण शेतात नाही तर वाटेत, नोंद कुठलीच नाही. मग जूनमध्ये पोरगं शाळेत आलं की गुरुजी त्याच्याकडं बघून वय ठरवत आणि तारीख टाकत. आज जन्मनोंदी होतात, तरी दाखलखारीज रजिस्टरातल्या तारखेचं वजन कमी झालेलं नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली लग्न थांबवायची वेळ येते, तेव्हा पोरीचं वय सिद्ध करायला अनेकदा शाळेचाच दाखला पुढं येतो. ऊसतोडीचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. म्हणून आणि पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणूनही चौदा-पंधराव्या वर्षी लग्नं उरकली जातात. एका लग्नाच्या वेळी ग्रामसेवकानं रजिस्टर मागितलं. नायक रागानं शाळेत आला, म्हणाला, “गुरुजी, तुम्ही आमचे का सरकारचे?” मी म्हणालो, “पोरीचा.” तो बराच वेळ बसला. चहा घेतला नाही. लग्न मात्र थांबलं.

पोरं मागं ठेवायची तर जेवणाची सोय हवी. हंगामी वसतिगृहांनी ती केली. नाव वसतिगृह, पण आई-बाप उसाच्या फडात, पोरं आजीकडं निजतात आणि दोन वेळा शाळेच्या आधारानं जेवतात. ही योजना चालते ती कागदावरच्या आदेशानं नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या बायांच्या जोरावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. सुरुवातीला सभा सकाळी अकराला ठेवायचो आणि बाया येत नाहीत म्हणून कुरकुरायचो. अकराला त्या निंदणात असतात, हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. सभा रात्री आठला घेतली, तर कोरमची अडचण कधी आली नाही. धान्याचं पोतं वजनात कमी भरतं हे पहिल्यांदा त्यांनीच काटा मागवून दाखवलं.

पहिलीतल्या पोराशी तांड्यावर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलावं लागतं. ‘आई’ म्हटलं की ते गप्प, ‘याडी’ म्हटलं की हसतं. भाकरीला ‘बाटी’ म्हणणारा मास्तर त्याला आपला वाटतो, मग मराठीही लवकर येते. ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावणारी शाळा पोराला आपल्याच आईची लाज बाळगायला शिकवते. यापेक्षा वाईट धडा मला माहीत नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या आसपास होती, आणि २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशिम आला. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण तांड्यावर नोव्हेंबरातली हजेरी बघितल्याशिवाय त्या पुरत्या कळत नाहीत.

निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीत एका तांड्यावर होतो. ट्रक शाळेसमोर उभा. एक बाई खाली उतरली आणि पोरीचा हात धरून थेट वर्गात आली. पोरगी आजीजवळ राहणार होती.

“गुरुजी, इचं नाव पटावर हाय न?”

“आहे ना.”

“वाचा बरं एकडाव.”

मी हजेरीपट उघडला आणि मोठ्यानं वाचलं. पोरीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, मग आईच्या रकान्यातलं नाव. स्वतःचं नाव ऐकून बाई जरा दचकली. “मायंबी हाय का त्यात?” तिनं पुन्हा विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती त्या ओळीकडं बघत राहिली. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. ती वळेपर्यंत पोरीनं ‘हजर’ म्हणूनही टाकलं होतं.