टॉनिकचं नाव विचारू नकोस

वाई,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी खुशालीच्या आणि पाचवीत प्रश्न, ‘आत्या, अंडी वाढायला कुठलं टॉनिक देऊ?’ 24 कोंबड्या, दसऱ्यापासून रोज सतरा-अठरा अंडी, आणि आता जेमतेम नऊ. कोंबड्या काय खातात, पाणी कधी मिळतं, यातलं तू अक्षर लिहिलं नाहीस. म्हणून फोनवर सूनबाईकडून सगळं काढून घेतलं. कोंबड्या तुझ्या, पण राबते ती, एवढं कळलं.

पहिली गोष्ट उजेडाची. दसऱ्याला दिवस बारा तासांचा होता, आता तो अकरावर आला आहे. कोंबडी अंडी धरते ती उजेडाच्या हिशेबाने. तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. दिवस आखडत चालला की तिचं शरीर अंड्यांचं काम आवरतं घेतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. खुराड्यापुरतं मात्र तांबडं तुला पहाटे चारला फोडता येतं. वर्तमानपत्र वाचता येईल इतक्या उजेडाचा एक बल्ब पुरे. पण एकदम चारला लावू नकोस. सुरुवात सहाला कर आणि दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे आण. दिवा सकाळीच लाव. संध्याकाळी तो फटकन बंद झाला, तर कोंबड्यांना बसायची काठी सापडत नाही आणि त्या खालीच चाचपडत राहतात.

दुसरं खाद्य. सूनबाई म्हणाली, खर्च वाचावा म्हणून महिनाभर नुसता मका आणि घरातलं शिळंपाकं चाललंय. बाबा रे, मक्यात प्रथिनं शंभराला आठ-नऊ, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा-सतरा. मक्यावर ती गुबगुबीत होते, अंडं मात्र देत नाही. लेअर खाद्य पुन्हा सुरू कर. एका कोंबडीला दिवसाला 110 ग्रॅम धर, म्हणजे 24 कोंबड्यांना अडीच-पावणेतीन किलो. मका हवाच असेल तर संध्याकाळी मूठ-दोन मुठी. शेवग्याचा पाला, मेथीघास वरून घाल, त्याने बलक छान पिवळा होतो. बुरशी धरलेला मका स्वस्त मिळाला तरी आणू नकोस. तो कोंबडीचं यकृत खातो.

आता शिंपल्याचं नीट वाच. अंडं तयार व्हायला दिवसभराहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला जातात. बरंचसं कवच रात्री घडतं, तू झोपलेला असताना. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव आणि दुपारनंतर ते भांडं भरलेलं आहे ना, ते बघ. जिला गरज असते ती आपणहून टिपते. शिंपला कमी पडला तरी कोंबडी लगेच थांबत नाही. स्वतःच्या हाडांतलं काढून ती कवच पुरं करते. पातळ कवच तुझ्या हाताला लागतं, तोवर तिची हाडं झिजलेली असतात.

पाण्याबद्दल मला माझीच चूक सांगायची आहे. पहिल्याच वर्षी, चैत्रात, मी एका लग्नाला गेले. मागे पाण्याचं भांडं कलंडलं आणि कोंबड्या दिवसभर कोरड्या राहिल्या. मेली एकही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अंडी निम्म्यावर आली आणि पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, हे मला तेव्हा कळलं. आत्ता थंडीत तुला रोज सहा लिटर पुरेल, वैशाखात त्याच्या दुप्पट लागेल. भांडी दोन ठेव. एक कलंडलं तर दुसरं असावं.

एवढं करूनही वाढ दिसली नाही, तर रात्री एकेक कोंबडी हातात घे. शेपटीखाली दोन हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं मावलं तर ती फुकट जेवते आहे. एखादी खुडूक होऊन खोक्यातून उठत नसेल, तर तिला पाण्यात बुचकळू नकोस. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेव, खाणं-पाणी चालू ठेव, उतरेल. आणि एखादी मान वाकडी करू लागली, हिरवट पातळ हगू लागली, तर अंड्यांचा हिशेब बाजूला ठेवून गुरांच्या दवाखान्यात जा. ती मानमोडी असू शकते, तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

खुराड्यात खाली अंथरलेला भुसा दर दोन-तीन दिवसांनी खालीवर कर, ओला झालेला काढून टाक. बाकी काही नाही.

एक वही घाल. तारीख, अंडी किती, खाद्य किती, पाणी किती. लिहायला दोन मिनिटं लागतात. संक्रांतीला तिळगुळाला येशील तेव्हा ती घेऊन ये, बाटली आणू नकोस. मार्गशीर्ष संपला की तो पाळणारं अंड्यांचं गिऱ्हाईकही परत येईल.

तुझी,
आत्या

ता. क. : नऊ अंडी असोत की अठरा, त्यातलं एक रोज सूनबाईच्या ताटात पडलं पाहिजे. गुरुवार सोडून.