पिछोल्याच्या काठी दखणी पाहुणे

उदयपूरला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात चिवडा-लाडवांच्या डब्याबरोबर महाराणा प्रतापही असतातच. चेतकावर बसलेले त्यांचे चित्र आपण लहानपणापासून पाहिलेले असते. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, गागाभट्टांनी भोसल्यांचे कुळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेऊन भिडवले, हेही कोठेतरी वाचलेले असते. त्यामुळे आपण परमुलखात नव्हे, दूरच्या चुलत्यांकडे निघालो आहोत अशा थाटात आपण गाडीत बसतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हीही तसेच बसलो : मी, सौभाग्यवती, माझी आई आणि नववीतले चिरंजीव.

जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद, आणि त्यांतून मोटारसायकली अशा अंगावर येतात की आईने पहिल्याच दिवशी माझा दंड धरला तो सोडला नाही. पण भल्या सकाळी गणगौर घाटावर जावे. समोर पिछोल्याचे पाणी असते, त्यात जगनिवासाचा पांढरा महाल तरंगल्यासारखा दिसतो आणि पायऱ्यांवर पारव्यांखेरीज फारसे कोणी नसते. जगतसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकात बांधलेला तो महाल १९६३ पासून हॉटेल आहे. तेथील एका रात्रीचा दर ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "लांबूनच छान दिसतो."

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत, हे आम्हाला तेथे गेल्यावरच नीट उमगते. सगळी माणसांनी बांध घालून अडवलेली आहेत. पिछोला चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांधला असे सांगतात. पुढे १५५९ च्या सुमारास महाराणा उदयसिंहांनी येथे राजधानी वसवताना तो वाढवला. डोंगरांच्या कुशीतली ही जागा त्यांनी वेळेवर हेरली म्हणायची, कारण १५६८ साली चितोड अकबराने घेतले. पिछोल्याचे पाणी स्वरूपसागरामार्गे फतेहसागराला मिळते, आणि वर उरले तर आयड नदीने खाली उदयसागरात जाते. एकाच्या ओंजळीतले दुसऱ्याच्या ओंजळीत! आईचे बालपण सोलापूरकडे, दुष्काळी गावात गेलेले. तिला महालांपेक्षा ही व्यवस्था अधिक आवडली. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पाऊस रुसला तेव्हा पिछोल्याचा तळ उघडा पडला होता, हे नावाड्याने सांगितल्यावर ती पाण्याकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही.

आम्ही उतरलो होतो ती एक जुनी हवेली. मालक सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, आणि दर वाक्याला 'हुकम' म्हणणारे. दुसऱ्या रात्री दाल-बाटीचे जेवण झाल्यावर त्यांनी गाव विचारले. चिरंजीवांनी छाती काढून महाराष्ट्राचे नाव घेतले.

"अच्छा, दखणी!" म्हातारबुवा हसले. "आपके पुरखे तो यहाँ आ चुके हैं, हुकम. दरवाज़ा हमने बंद रखा था."

बोलण्यात कडवटपणा नव्हता. पाहुण्याची थट्टा करावी तसे ते बोलले. पण मुलाचा चेहरा उतरला. खोलीत येताच त्याने विचारले, "बाबा, आपण यांच्यावर चाल केली होती? प्रतापांच्या गावावर?"

वर्गात मी हा प्रश्न कवितेच्या तासाला आला असता तर इतिहासाच्या सरांकडे पाठवून दिला असता. येथे ती सोय नव्हती. मी गच्चीवर नेऊन त्याला सांगितले. १७६९ साली मेवाडच्या गादीचा तंटा पेटला तेव्हा महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. अमरचंद बडवा या प्रधानाने शहर नेटाने लढवले. अखेर खंडणीवर तडजोड झाली. साठ लाखांहून अधिक रकमेचा आकडा ठरला. त्यातले काही सोन्यारुप्यात फिटले, आणि बाकीपोटी जावद, जीरण, नीमच हे परगणे गहाण पडले. पुढे होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजा, पेंढारी, पठाण यांची ये-जा चालूच राहिली. १८१८ साली मेवाडने इंग्रजांशी तह केला, त्यामागे हा जाच होता.

"पण पानिपतावर तर आपणच..." तो अडखळला.

"तेही आपणच," मी म्हटले.

अटकेपार झेंडे लावल्याची गोष्ट आपण घराघरात सांगतो, आणि ती सांगावीच. पण झेंडा जाताना वाटेत ज्यांच्या शेतातून गेला, त्यांच्या घरीही गोष्टी सांगितल्या जातात. महादजींचे मोठेपण मला अमान्य नाही. मोडलेली मराठी सत्ता उत्तरेत पुन्हा उभी करणारा तो पुरुष. फौजेला पगार हवा, पगाराला खंडणी हवी, हा हिशेबही मला कळतो. परंतु तो हिशेब मेवाडच्या कुणब्याला कोण समजावणार? आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "अरे, त्या म्हाताऱ्याने जेवायला वाढलं ना आपल्याला पोटभर?"

तिसऱ्या दिवशी राजवाडा पाहिला. मोरचौकातले काचेचे मोर सगळ्यांनाच आवडतात. तेथून पुढे कृष्णविलास लागतो. राजकन्या कृष्णाकुमारीच्या स्मरणाचे हे दालन आहे. भिंतींवर दाटीने लघुचित्रे लावलेली. वाटाड्या एका घोळक्याला गोष्ट सांगत होता : जयपूर आणि जोधपूर या दोघांनीही तिचा हात मागितला, युद्ध पेटले, पठाण अमीरखानाचा धाक पडला, आणि राज्य वाचावे म्हणून १८१० साली सोळा वर्षांच्या त्या मुलीला विष देण्यात आले. घोळका हळहळून पुढे सरकला.

आमचे चिरंजीव मात्र तेथेच उभे राहिले.

"और सिंधिया?" त्याने विचारले. "जयपुरवालों को वापस भेजो, ऐसा बोलने दौलतराव सिंधिया आए थे ना?"

हे त्याने रात्री जागून फोनवर वाचले असावे. वाटाड्याने त्याला खालीवर न्याहाळले. "आप कहाँ से, बेटा?"

"महाराष्ट्र से."

वाटाड्याने पुढे गेलेल्या घोळक्याला थांबायची खूण केली, आणि दौलतराव उदयपूरच्या खोऱ्यात उतरले तेथपासून सगळी हकीगत त्याला एकट्याला सांगू लागला.