एकदाच वाजलं होतं

दिवाळी अंकाच्या दिवसांत माझं टेबल म्हणजे एक मोठा पडदा आणि त्याच्यासमोर थंड झालेला चहा. त्या दुपारी एका कथेतलं एक वाक्य उचलून वरच्या परिच्छेदात न्यायचं होतं. वाक्य निवडलं, ओढायला लागले, आणि ते अर्ध्या वाटेत सुटून भलत्याच वाक्याच्या पोटात जाऊन पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सुटलं. मग आणखी एक ध्यानात आलं. शब्दावर एकच टिचकी मारली तरी अख्खा शब्द निळा होत होता. लिबरऑफिसमध्ये दोन टिचक्यांना शब्द निवडला जातो, तीन टिचक्यांना वाक्य. म्हणजे मी मारलेल्यापेक्षा संगणकाला एक टिचकी जास्त ऐकू येत होती. माझ्या कानाला मात्र ‘टक्’ एकदाच.

मला घाम फुटला तो माऊससाठी नव्हे. कुणीतरी महिनोन्‌महिने घासूनपुसून लिहिलेला मजकूर विश्वासाने आपल्याकडे सोपवलेला असतो. त्यातलं वाक्य आपल्या नकळत हललं तर? गेल्या तीन दिवसांची मुद्रितं काढून मूळ प्रतीशी ओळीन्‌ओळ ताडून पाहिली. दोन वाक्यं सरकलेली सापडली.

दोनच दिवसांपूर्वी डेबियन लिनक्स अद्ययावत केलं होतं, त्यामुळे पहिला संशय साहजिकच त्याच्यावर गेला. पण शेजारच्या मुलाचा माऊस लावून पाहिला तर सगळं सुरळीत. माऊसच्या दुखण्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. भिंगाशी केस अडकला की बाण थरथरतो. बिनतारी माऊसचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या डिस्कला खेटून लावला तर बाण अडखळतो, कारण त्या जोडणीचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिसळतो. थोडा वेळ हात काढला की माऊस झोपी जात असेल, तर यूएसबीची वीज वाचवण्याची सोय तपासावी. माझा माऊस तारेचा, बाण सरळ चालणारा. दुखणं फक्त डाव्या बटणात होतं.

लिनक्सवर माझा जीव आहे तो इथे. बोट आणि पडदा यांच्यामध्ये जे काही घडतं, त्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून बघता येतं. टर्मिनलमध्ये ‘ईव्हीटेस्ट’ चालवलं आणि यादीतून माऊस निवडला. आता कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचलेली प्रत्येक हालचाल ओळीने उमटू लागली. डाव्या बटणाचा क्रमांक २७२. दाबलं की १, सोडलं की ०, आणि प्रत्येक ओळीपुढे सेकंदाच्या दहालाखाव्या भागापर्यंत मोजलेली वेळ. मी श्वास रोखून एकदाच दाबलं आणि सोडलं. पडद्यावर चार ओळी आल्या: १, ०, १, ०. मधलं अंतर ६ मिलिसेकंद. इतक्या वेळात कुणाचंही बोट वर जाऊन खाली येत नाही.

मग वरच्या पायरीवर गेले. कर्नलकडून आलेल्या हालचाली डेस्कटॉपला समजावून सांगायचं काम ‘लिबइनपुट’ नावाची लायब्ररी करते. पीटर हटरर यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली आहे. तिच्या कानाने तीच टिचकी ऐकली तर ओळी दोनच. मधली उसळी तिने गाळून टाकली होती! झिजलेली बटणं अशी वाजतात हे तिला ठाऊक आहे. पंचवीसेक मिलिसेकंदांच्या आत बटण सुटून परत दाबलं गेलं, तर ती ते खरं मानत नाही. बटण दाबून धरलेलं असताना मध्येच क्षणभर सुटलं, तर त्यासाठीही तिच्याकडे वेगळी युक्ती आहे. ती एरवी बंद असते आणि अशी पहिली चूक दिसली की त्या माऊसपुरती सुरू होते. (लिबइनपुटची ही तपासणी चालू असताना कळफलकावरचं अक्षर दाबलं तर पडद्यावर फुल्याच दिसतात, न जाणो कुणी पासवर्ड लिहीत असेल. इतकी काळजी घेणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते.)

मी दाबत राहिले. विसावी की एकविसावी टिचकी असेल, मधलं अंतर आलं ४१ मिलिसेकंद. ती उसळी चाळणीतून सुटून वर पोचली. चाळणी आणखी घट्ट केली, तर कुणाच्या तरी चपळ बोटांच्या खऱ्या टिचक्या गिळल्या जातील. मर्यादा कुठेतरी आखायलाच हवी, आणि माझं बटण ती ओलांडून गेलं होतं.

माऊसच्या पोटाखालच्या चकत्या उचकटून स्क्रू काढले. स्विच तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा. टोपण चाकूच्या टोकाने उचललं, तर आत तांब्याच्या मिश्रधातूची नखाहून पातळ पट्टी, मधली जीभ कमानीसारखी ताणलेली. दाबलं की ती पलटी खाते आणि खालच्या टोकावर आदळते. त्या टोकावर बारीकसा काळा डाग पडला होता. १९६४ च्या सुमाराला डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस घडवला. तो लाकडी, खाली काटकोनातली दोन चाकं, वर एकच बटण. चाकं गेली, गोळी आली, गोळी जाऊन उजेड आला. बटणाखाली मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही धातूच धातूला शिवतो.

सांगलीत मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा ओळखीचा आहे. त्याच्यापुढे दोन माऊस ठेवले, हा आणि तार तुटलेला एक जुना.

“ताई, नवाच घ्या की. ह्यात आता काय राहिलंय?”

“डावा स्विच सोडून सगळं राहिलंय. जुन्यातला उजवा काढ आणि इथे डावीकडे लाव.”

“उजवाच का?”

“तो कितीसा दाबला गेलाय!”

त्याला ते पटलं. त्याने तिन्ही पायांचा डाख वितळवला, चिमट्याने जुना स्विच अलगद उचलला, भोकं साफ केली आणि दुसरा बसवला. मग कानाशी धरून दोनदा दाबून बघितलं. “ह्याचा आवाज कोवळा हाय,” म्हणाला. पैसे घेईना. बळेच दिले.

घरी आल्या आल्या पुन्हा ईव्हीटेस्ट. शंभर टिचक्या मोजून मारल्या. १, ०. १, ०. मध्ये काहीही नाही. मग बटण दाबून धरलं आणि माऊस टेबलभर फिरवला. ० आला तो बोट उचलल्यावरच.

कथा उघडली. ते वाक्य निवडलं आणि वर नेऊन ठेवलं. सरकलेली दोन्ही वाक्यं जागेवर आणली. मग लेखिकेला फोन लावला आणि सांगितलं, “परवा पाठवलेलं मुद्रित वाचू नका. दुसरं पाठवतेय.”