कोलकात्याचा ताळेबंद

बदलीच्या हुकुमाने परप्रांती आलेला मनुष्य ज्या शहरात राहतो, त्याचा जमाखर्च मनातल्या मनात मांडीतच असतो. घराचे भाडे, मासळीचा आणि भाजीचा भाव, मुलांची शाळा, गावाकडे जाणाऱ्या गाडीला लागणारा वेळ, ही त्याची ठरलेली कलमे. माझा तर व्यवसायच लेखनिकाचा; तेव्हा आठ वर्षांच्या वास्तव्यानंतर कोलकात्याचा ताळेबंद मी एकदा कागदावरच मांडून पाहिला, यात नवल ते काय!

प्रथम खर्चाची बाजू. या नगरीला उतरती कळा लागली, ती काही एका दिवसात नव्हे. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. १९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक शेते सीमेपलीकडे गेली आणि गिरण्या हुगळीच्या काठी अलीकडे राहिल्या. तिकडून आले ते निर्वासितांचे लोंढे. पुढे पोलाद साऱ्या देशात एकाच भावाने मिळावे म्हणून वाहतूकखर्चाची समान आकारणी सरकारने सुरू केली. खाणी आणि भट्ट्या हाताशी असल्याचा पूर्वेचा जो स्वाभाविक लाभ होता, तो त्यामुळे पुसला गेला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते धोरण संपले खरे, परंतु तोवर कारखानदारीने पश्चिम किनारा धरला होता. त्या लाभाचा वाटेकरी आपला महाराष्ट्रही होता, हे आपण इकडच्या लोकांशी वाद घालताना सोयीस्करपणे विसरतो. त्यातच संप, टाळेबंद्या आणि गाळाने भरत चाललेली नदी. फराक्क्याचा बंधारा १९७५ साली सुरू झाला तो बंदराला पाणी मिळावे म्हणूनच. तथापि गेलेला व्यापार काही पाण्याबरोबर परत आला नाही.

हा झाला इतिहास. त्याचे व्याज रोज भरावे लागते. भिंतींतून वडाची रोपे फुटलेली घरे, पावसाच्या एका सरीने तुंबणारी ठनठनिया, आणि पाण्यातून वाट काढणारे कचेरीचे लोक, ही नित्याची दृश्ये होत. २०२५ च्या सप्टेंबरात, पूजेच्या तोंडावर, एका रात्रीच्या पावसाने शहर बुडाले आणि साचलेल्या पाण्यात उतरलेल्या विजेने माणसे मेली. १८७३ साली प्रथम धावलेली ट्रामसुद्धा एक वारसामार्ग तेवढा ठेवून बंद करण्याचा मनोदय राज्य शासनाने २०२४ मध्ये जाहीर केला.

आता जमा. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात घरभाडेभत्त्यासाठी देशातील आठ शहरे एक्स वर्गात आहेत. मुंबई आणि पुणे त्यात आहेत, तसे कोलकाताही आहे. भत्त्याचा दर तोच, भाडे मात्र तसे नाही. मुंबईत ज्या भत्त्यात दूरच्या उपनगरातली दीड खोली मिळेल, त्यात आम्ही भवानीपुरात एका जुन्या घराचा वरचा मजला घेऊन राहतो; खाली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, खिडक्यांना हिरव्या पट्ट्यांच्या झडपा. भारतातली पहिली मेट्रो १९८४ साली याच भागात धावली. तीच मला कचेरीस पोहोचविते. महिन्याकाठी चार पैसे शिल्लक पडतात ते कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांत खर्चितो. आपल्याकडे ‘अड्डा’ म्हटला की जुगाराची आठवण होते. येथे त्या शब्दाचा अर्थ निवांत गप्पा असा आहे, आणि कारकुनाने त्यात फुटबॉलपासून तत्त्वज्ञानापर्यंत कशावरही मत द्यावे, कोणी त्याची वेतनश्रेणी विचारीत नाही. मराठ्यांच्या धास्तीने या शहरानेच १७४२ साली खंदक खणला होता. ‘बर्गी’ आल्याचे अंगाईगीत घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या माशीमा, माझ्या मुलीला म्हणून झोपवीत, आणि ती मराठ्याची पोर निर्धास्त झोपे.

बेरजा करून पाहिल्या, तो जमेची बाजू सरस ठरली. मात्र तो आकडा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि कागद तसाच राहिला.

माशीमा आणि त्यांचे यजमान खालच्या मजल्यावर दोघेच असतात. त्यांचा एकुलता मुलगा अभियंता. तो पुण्यास हिंजवडीत नोकरी करतो. मी त्याच्या खोलीत राहतो, तो माझ्या मुलखात राहतो. माझे आईवडील वाईस एकटे, त्याचे येथे एकटे. माशीमांचे औषध मी आणतो आणि मी दिलेले डबे तो सुटी साधून वाईस पोहोचवितो. हा वरचा मजला स्वस्तात मिळाला, कारण त्यात राहणारा निघून गेला. २००१ च्या जनगणनेत या महापालिकेच्या हद्दीत ४५.७३ लाख माणसे होती, २०११ मध्ये ४४.९७ लाख. उपनगरे वाढली हे खरे. परंतु जुन्या घरांचे वरचे मजले रिते झाले, हेही तितकेच खरे. ज्या स्वस्ताईला मी जमेत धरले, ती दुसऱ्या कुणाच्या तरी खर्चाच्या बाजूस लिहिलेली होती.

आपण केंद्र सरकारचे नोकर एका बाबतीत भाग्यवान. आपला पगार शहराच्या नाडीवर अवलंबून नसतो. गिरणी बंद पडो की चालो, महिनाअखेर रक्कम जमा होते. त्यामुळे अशा शहराचे सुख आपण घेतो आणि त्याचे दुखणे पाहुण्यासारखे पाहतो.

वडिलांना आता जिना चढवत नाही. मी पुण्यासाठी विनंती-बदलीचा अर्ज दिला आहे. त्यात सेवाज्येष्ठता जाते आणि नव्या ठिकाणी यादीच्या तळाशी बसावे लागते, हे या वाचकांस सांगावयास नको. पत्नीने तो हिशेबही केला आणि “असू दे” म्हणाली. माशीमांना सांगितले तेव्हा त्या एवढेच बोलल्या, की आईबापांपाशी जावे हेच बरोबर. त्यांच्या मुलाने गेल्या चार वर्षांत सॉल्ट लेकमधील कचेऱ्यांत दोनदा प्रयत्न केला. त्याच्या कामाची जागा निघाली नाही.

खालची जागा पत्करून का होईना, मला परत जाण्यास एक दार आहे. त्याला तेही नाही. एखादे महानगर झगडत आहे की सावरले आहे, हे गळक्या छतांवरून वा तुंबलेल्या गटारांवरून मी आता ठरविणार नाही. त्याच्या लेकरांना परत येता येते की नाही, एवढेच विचारीन.